रैहान दिलं तर नाकारू नये

भाद्रपद संपत आला की आमच्या सांगलीच्या घरी परसात दोन दिवसांचं काम निघतं. पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. दुपारचं ऊन चटके देतं, संध्याकाळी कवठेमहांकाळच्या बाजूने ढग दाटून येतात आणि परतीची एखादी सर सगळं पुन्हा भिजवून जाते. तीन महिने पाणी पिऊन झाडं माजलेली दिसतात, पण आतून थकलेली असतात. पुदिन्याचे दांडे हातभर लांब झालेले असतात आणि पानं शेंड्याला चारच उरतात. खालच्या पानांवर तांबेऱ्याचे ठिपके. गवती चहाचा गड्डा इतका फुगलेला की मधलं गवत कुजायला लागलेलं. सब्जा मंजिऱ्यांनी वाळत चाललेला. हे सगळं आत्ता छाटलं नाही, हलवलं नाही, तर ऑक्टोबरच्या उकाड्यात अर्धं जळतं आणि उरलेलं किडीच्या घशात जातं.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. दोन्ही घरांच्या मागे परस होतं आणि दोन्हीकडे ते बायकांच्या ताब्यात होतं. पुरुष मंडळी तिथे फक्त मेहंदीचं झुडूप छाटायला किंवा नळ दुरुस्त करायला यायची. आमचं सांगलीचं परस दहा बाय पंधरा फुटांचं. दोन बाजूंना भिंत, एका बाजूला स्वयंपाकघराचं दार आणि चौथ्या बाजूला कमरेएवढी बुटकी भिंत, जिला आम्ही अजून कुंपणच म्हणतो, कारण पूर्वी तिथे काट्याचं कुंपण होतं. कुंपणापलीकडे काकूंचं परस.

यंदा या परसात दोन गोष्टी घडल्या. दोन्ही लहान आहेत. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. तरी त्यांच्यावर लिहावंसं वाटलं.

पहिली गोष्ट गणपतीच्या आदल्या दिवसाची. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहतात, त्यात मरवा असतो. मरवा पावसाळ्यात जगवणं सोपं नाही. मुळाशी पाणी साचलं की तो चार दिवसांत काळा पडतो. माझ्या सासूबाई त्याची कुंडी जूनमध्येच वळचणीखाली सरकवायच्या. मीही तेच करते. गेली पस्तीस वर्षं हरतालिकेच्या सकाळी कुंपणावरून हाक यायची, "भाभी, मरवा आहे का हो?" आणि मरव्याच्या पाच-सहा काड्या, डाळिंबाची पानं, शेवटच्या कोपऱ्यातला आघाडा असं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून पलीकडे जायचं. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. यंदा हाक आली नाही, म्हणून मीच मरवा कापून कुंपणाशी गेले. त्यांची नातसून अंगणात होती. ती हसली आणि म्हणाली, "नको काकू, आम्ही तयार पत्रीचं पाकीट आणलंय." एवढंच. मी मरवा घेऊन परत आले आणि चहाच्या कपात पाणी घालून खिडकीत ठेवला. आठवडाभर स्वयंपाकघराला वास येत होता.

दुसरी गोष्ट त्यानंतर पंधरा दिवसांनी. माझा भाचा पुण्यात शिकतो, सुट्टीत आला होता. मुलगा गुणी आहे, नमाजी आहे, मोबाइलवर बयानं ऐकतो. परसात माझ्याबरोबर माती भरायला बसला आणि तुळशीकडे बघून म्हणाला, "खाला, हे कशाला ठेवलंय? हे त्यांचं झाड आहे. काढून टाक." मी म्हटलं, "अरे, या तुळशीचा काढा पिऊनच तुझी सर्दी गेलीय लहानपणी." तो म्हणाला, "औषध म्हणून बाजारात मिळतं. घरात लावणं वेगळं."

एका महिन्यात एकाच परसातली दोन झाडं नाकारली गेली. मरवा मुसलमानाच्या घरचा म्हणून नाकारला, असं मी म्हणत नाही. पाकीट खरंच सोयीचं असतं. पण मला ते दोन नकार एकमेकांशेजारी ठेवल्यावर सारखेच दिसायला लागले. दोघांनाही झाड नको होतं असं नाही. झाड हातोहात घेणं नको होतं.

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी एक प्रयोग करायला लावला. तुम्हीही करून बघा. तुळशीची कोवळी काडी घ्या, सब्जाची घ्या, पुदिन्याची आणि मरव्याची घ्या. डोळे मिटून एकेक देठ दोन बोटांत फिरवा. चारही देठ चौकोनी लागतात. ही सगळी एकाच कुळातली झाडं. त्यातही तुळस आणि सब्जा तर सख्ख्या बहिणी. वनस्पतिशास्त्रात दोघींचं घराणं ऑसिमम. अंगणात वृंदावनात असते ती एक, आणि आपल्याकडे दर्ग्यात फुलांबरोबर वाहतात, कबरीच्या उशाशी लावतात, ती दुसरी. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याबाहेर फुलवाल्यांकडे उभं राहिलं तर गुलाबाच्या आधी सब्जाचाच वास येतो. सब्जाचं बी रमजानात सरबतात भिजतं आणि उन्हाळ्यात फालुद्यात. म्हणून काही हिंदू घरांत सब्जाला कबरस्तानचं झाड म्हणतात आणि दारात लावत नाहीत. आमच्या काही घरांत तुळशीला "त्यांचं झाड" म्हणतात आणि दारात लावत नाहीत. दोन बहिणी, एकीला एक घर बंद, दुसरीला दुसरं.

कुरआनात सूरह रहमानमध्ये आणि सूरह वाकियामध्ये रैहानचा उल्लेख येतो. अरबीत रैहान म्हणजे सुवासिक वनस्पती, आणि रोजच्या बोलण्यात बहुतेक ठिकाणी सब्जा-तुळशीचं हेच कूळ. सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे, तिचा आशय असा की कुणी रैहान देऊ केलं तर ते परत करू नये, कारण ते वाहून न्यायला हलकं असतं आणि त्याचा वास चांगला असतो. मी ही हदीस लहानपणी साताऱ्यात ऐकली होती. तेव्हा ती मला अत्तराबद्दलची वाटायची. आता वाटतं, ती देण्याघेण्याबद्दल आहे. मोठी भेट घेताना माणूस दबतो, परतफेडीचा विचार करतो. काडीभर सुगंधाचं ओझं कुणालाच होत नाही. म्हणून ते नाकारण्यालाही कारण उरत नाही. आणि कुणी दिलं तर, असं म्हटलंय. कुठल्या धर्माच्या माणसाने दिलं तर, अशी अट मला तिथे दिसत नाही.

तुळस घरात ठेवणं शिर्क आहे का, असं भाच्याने विचारलं. मी आलिमा नाही. साधी गोष्ट मला कळते ती अशी: पूजा ही करण्याची गोष्ट आहे, उगवण्याची नाही. मी तिला पाणी घालते तसंच पुदिन्यालाही घालते. कबरीवरच्या सब्जाबद्दल म्हणाल, तर त्यावरही आपल्यात दोन मतं आहेत. पैगंबरांनी दोन कबरींवर खजुराच्या ओल्या फांदीचे तुकडे लावल्याची हदीस बुखारीत आहे. काहींनी त्यावरून हिरवळ लावण्याची रीत धरली, काही म्हणतात ती गोष्ट त्यांच्यापुरतीच होती. हा वाद आपल्या घरात शेकडो वर्षं चालू आहे आणि तरी सब्जा उगवायचा थांबलेला नाही.

आता काकूंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं फार गोड चित्र होईल. काकूंच्या घरात आमच्याकडचं शिजलेलं चालत नव्हतं. त्या प्रामाणिकपणे सांगायच्या, "भाभी, राग मानू नका, आमच्यात नाही चालत." ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जायचा तो कोरडा: शेवया, खारीक, काजू, साखर असा शिधा म्हणून. सासूबाईंना पहिली काही वर्षं ते लागायचं. शेजाऱ्याला द्यायला रश्श्यात थोडं पाणी वाढवावं, अशी शिकवण ज्यांना मिळालीय, त्यांच्या हातचा रस्सा शेजारी खात नसेल तर काय करायचं? सासूबाईंनी त्यावर परसातून उत्तर काढलं. शिजलेलं चालत नाही, पण उगवलेलं चालतं. पुदिना चालतो, आलं चालतं, कढीपत्ता चालतो. आणि गंमत बघा, ज्या घराचा भात काकूंना चालत नव्हता, त्या घरचा मरवा त्यांच्या देवाला चालत होता. मला यात ढोंग दिसत नाही. दोन बायकांनी आपापल्या रीती न मोडता जिथे जागा सापडली तिथून वाट काढली होती. ती वाट कमरेएवढ्या भिंतीवरून जात होती.

या वाटेचा खरा उपयोग मला २०१९च्या ऑगस्टमध्ये कळला.

कृष्णा महाबळेश्वरला उगवते, वाईवरून येते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा तिला मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते आणि मग ती आमच्याकडे येते. अम्मी म्हणायची, "आमचं धुतलेलं पाणी तुम्ही पिता." सांगलीत सगळे पावसाळाभर आयर्विन पुलाकडे डोळे लावून असतात. तिथे ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर आणि मग बोटीने बाहेर. आठवड्याने परत आलो तेव्हा परसात वीतभर गाळ होता. पुदिना, मरवा, सब्जा, तुळस, पानओवा, कुंड्यांतली हळद, सगळं त्याखाली. मेहंदीचं झुडूप तेवढं डोकं वर काढून होतं, तेही मातकट. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी घरातल्या फ्रिजबद्दल, गाद्यांबद्दल एक शब्द काढला नाही. परसाच्या दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "मरवा गया."

सांगलीच्या माणसाला हे हरिपूरवरून माहीत असायला हवं होतं. हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली कोठारं. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीच्या नावलौकिकात या पेवांचा वाटा मोठा. पण २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यांतली बरीच पेवं कायमची बाद झाली. जे जमिनीत एका जागी सुरक्षित ठेवलं होतं, ते एका पुरात गेलं.

आमचं परस मात्र परत आलं. गाळ उपसून झाल्यावर महिन्याभराने, म्हणजे असाच भाद्रपद सरताना, काकूंच्या लेकीने विश्रामबागेतून मरव्याची कुंडी आणली. तिच्या लग्नात सासूबाईंनी तिला मरव्याच्या काड्या दिल्या होत्या. तिचं घर उंचावर, पाणी आलं नव्हतं. पुदिना साताऱ्याहून आला. अम्मीने माझ्याच लग्नाच्या वर्षी सांगलीहून नेलेला होता तो, आता ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने परत आला. तुळस काकूंच्या एका भावाच्या घरून आली. सब्जाचं बी नणंदेने मिरजेहून कागदाच्या पुडीत पाठवलं. गवती चहाचा एक फुटवा आमच्याकडे कधीकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी दिला, त्यांनी तो आमच्याकडूनच नेला होता हे आम्ही विसरलो होतो, त्या विसरल्या नव्हत्या. सासूबाई एकेक झाड लावताना म्हणायच्या, "दिये तो रहता, रखे तो जाता."

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. परसातली झाडं सांभाळायचा एकच खात्रीचा उपाय आहे, ती वाटून टाकणं. आणि वाटायची तर सगळी आपल्याच लोकांत वाटून चालत नाही. आमचे सगळे नातेवाईक नदीकाठच्या त्याच दोन-तीन गल्ल्यांत राहत होते. फक्त त्यांनाच काड्या दिल्या असत्या तर सगळ्यांच्या एकाच रात्री गेल्या असत्या. परत आल्या त्या दूर गेलेल्या, दुसऱ्यांच्या दारात रुजलेल्या काड्या.

यावर कुणी म्हणेल, बाई, हे मरव्या-पुदिन्याचं कौतुक ठीक आहे, पण त्याने काय थांबलं? हा प्रश्न मी टाळणार नाही. आपल्या भागात जे वाईट घडलं, त्यातलं बरंच याच दिवसांत घडलंय. २००९च्या सप्टेंबरमध्ये, ऐन गणेशोत्सवात, एका कमानीवरून मिरज पेटली आणि संचारबंदी सांगलीपर्यंत आली. १० सप्टेंबर २०२३च्या रात्री साताऱ्याच्या खटाव तालुक्यात पुसेसावळीला समाजमाध्यमांवरच्या मजकुराचं निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला. एका तरुणाचा जीव गेला. त्या दोन रात्री मी साताऱ्याला फोन लावत बसले होते. याच सांगली जिल्ह्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उभारतात, हेही खरं आहे. वर्तमानपत्रं दरवर्षी त्याचे फोटो छापतात. पण फोटो छापावासा वाटतो, म्हणजेच ती गोष्ट आता नवलाची झालीय.

नाही, मरव्याने दगड थांबत नाही. पुसेसावळीचा न्याय कोर्टातच व्हायला हवा, तो कुठल्या परसात होणार नाही. "भाईचारा" हा शब्द स्टेजवरून ऐकून ऐकून माझ्याही कानाला घट्टे पडलेत. पण २००९च्या संचारबंदीत आमच्या घरी चार दिवस दूध नव्हतं आणि काकूंच्या घरी भाजी नव्हती. कुंपणावरून इकडून मेथी-कोथिंबीर गेली, तिकडून दुधाचा तांब्या आला. त्या वेळी दोघींपैकी कुणालाही हाक मारायला धीर गोळा करावा लागला नाही, कारण हाक मारायची सवय होती. ज्या घराशी कधी काडीचं देणंघेणं नाही, त्या घराचं दार अशा दिवशी पहिल्यांदा वाजवायला हात धजत नाही. मला वाटतं, शेजाराचा उपयोग एवढाच असतो आणि तेवढा पुरेसा मोठा असतो.

आणि तोच आता जातोय. भांडणाने जातोय असं नाही. आमच्या गल्लीतली दोन घरं पुरानंतर उंचावर फ्लॅटमध्ये गेली. तिथे आमच्यातल्या काहींना घर दाखवायलाच नकार मिळाला, मग तेही आपल्यातल्याच एका वसाहतीत गेले. ज्यांनी घरं नव्याने बांधली त्यांनी मागे परस ठेवलं नाही, गाडी लावायला पेव्हिंग ब्लॉक टाकले. त्यांनाही दोष देता येत नाही, चिखलाला कंटाळलेले लोक आहेत. पण जिथे माती नाही तिथे उसनं मागायला काही उगवत नाही, आणि जिथे सगळे शेजारी आपलेच आहेत तिथे उसनं मागितलं तरी ते घरातल्या घरातच फिरतं.

म्हणून माझं आपल्या लोकांना, विशेषतः आपल्या बायकांना सांगणं आहे. परस नसेल तर खिडकीत लावा, गच्चीत लावा, तेलाच्या डब्यात लावा. हे दिवस त्यासाठीच आहेत. माझी पद्धत सांगते.

पुदिना जमिनीपासून दोन बोटं ठेवून सगळा कापून टाका, जीव धरवत नाही तरी कापा. माती खुरप्याने हलकी करून मूठ-दोन मूठ जुनं शेणखत घाला. दोन-तीन आठवड्यांत नवा, कोवळा पुदिना भरून येतो. कापलेल्या दांड्यांतले निरोगी दांडे निवडा, खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. तांबेरा लागलेले दांडे मात्र कुणाला देऊ नका, तो रोगही बरोबर जातो.

गवती चहाचा गड्डा उपटून हाताने फाडा, दोन-तीन फुटव्यांचा एकेक तुकडा वेगळा लावा, वरची पात वीतभर ठेवून कापा. पानांच्या कडा धारदार असतात, बाही खाली ओढून घ्या. पानओव्याची काडी नुसती खोचली तरी लागते, फक्त पाणी बेताने.

सब्जा आणि तुळस, दोघींच्या वाळलेल्या मंजिऱ्या खुडा. बी कागदावर चोळून, फुंकून, पुडीत नाव लिहून ठेवा. नाव लिहायलाच हवं, कारण दोन्ही बिया काळ्या-करड्या आणि बारीक. ओळखायची खूण म्हणजे सब्जाचं बी पाण्यात टाकलं की पांढरा फुगारा धरतं. कोवळ्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड पुन्हा पानांवर येतं.

धने पेरायची घाई करू नका. उकाड्यात कोथिंबीर लगेच फुलावर जाते. रात्री गार व्हायला लागल्या की धने लाटण्याने हलके रगडून दोन फाळ्या करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. मेथी आत्ता पेरली तरी चालते, चौथ्या दिवशी उगवते. कुंडीतली हळद आणि आलं आत्ता उकरू नका, आत कंद भरण्याचे हेच दिवस आहेत. मुळाशी माती चढवा आणि पाणी साचू देऊ नका, नाहीतर कंद कुजतो. साताऱ्याचे आल्याचे शेतकरी आणि सांगलीचे हळदवाले या दिवसांत याच धास्तीत असतात. आपली एक कुंडी त्यामानाने सोपी आहे.

कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या दिसतील. त्या फुलपाखराच्या असतात. झाड मोठं असेल तर एक फांदी त्यांना सोडून द्या. आपण पेरलेलं माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तरी ते सदका आहे, असं आपल्याला शिकवलंय. अळीचं नाव त्यात नाही, पण पुढे तिचंच पाखरू होतं.

आणि शेवटचं काम: जेवढं लावाल त्यातलं निम्मं द्या. एक घर आपल्यातलं, एक घर दुसऱ्यातलं. आणि कुणी दिलं तर घ्या. तुळस दिली तरी घ्या. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण देताना आपण मोठे होतो, घेताना तसं होत नाही. आपल्यातल्या किती घरांनी मकर संक्रांतीचा तिळगूळ हलकेच बाजूला ठेवलाय, दसऱ्याचं आपट्याचं पान घ्यावं का म्हणून विचारलंय, हे आपल्याला माहीत आहे. पलीकडच्यांच्या नकाराबद्दल बोलताना आपले नकारही मोजायला हवेत.

गेल्या रविवारी मी पुदिना कापला. सहा कपांत काड्या घातल्या. गुरुवारी मुळं दिसायला लागली. एक कप आणि गवती चहाचा एक फुटवा घेऊन मी पुन्हा कुंपणाशी गेले. नातसुनेचं बाळ सर्दीने किरकिरत होतं. तिने फुटवा बघितला आणि विचारलं, "हा कुंडीत येतो का हो काकू?" मी म्हटलं, "बादलीत लाव, मोठा होतो." तिने घेतला. मरव्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. पुढच्या हरतालिकेला बघू.

भाचा पुण्याला परत गेला. खोलीच्या खिडकीत ठेवायला त्याने सब्जाची कुंडी नेली, पुदिन्याचा कप नेला. तुळस नेली नाही. मीही आग्रह केला नाही. पुडीत तिचं बी मात्र नाव लिहून ठेवलंय.